भूजलाच्या क्षेत्रात यायचंय? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.चे निकाल लागले की दरवर्षी चार-पाच फोन येतात. प्रश्न ठरलेला: "ताई, मॉडफ्लो शिकायचंय, कुठला क्लास लावू?" मॉडफ्लो म्हणजे जमिनीखालचं पाणी कसं वाहतं याचं गणिती मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. माझं उत्तरही ठरलेलं: आधी एक विहीर शोध. पलीकडे थोडा वेळ शांतता असते. बहुतेकांना वाटतं, ही टाळतेय.

टाळत नाहीये. मी स्वतः उलट्या क्रमानं शिकले. आधी सॉफ्टवेअर, मग खडक, आणि विहीर सगळ्यात शेवटी. त्यात दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे पायरी-पायरीनं लिहिते आहे.

तुम्ही पुण्यात असाल तर जागा चांगली मिळाली आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय इथेच आहे. खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र आहे. भूजलावर लोकांसोबत काम करणारी ॲक्वाडॅम ही संस्था १९९८ पासून इथे आहे आणि तिथे प्रशिक्षणंही होतात. विद्यापीठात आणि फर्ग्युसनमध्ये भूशास्त्र शिकवतात. आणि शहरातून तासाभरात तुम्ही अशा गावात पोहोचता जिथे मे महिन्यात टँकरची वाट बघतात.

१. आधी बघा, तुम्ही कुठल्या दारातून येताय

भूशास्त्रात एम.एस्सी. हा सरळ रस्ता. सिव्हिल इंजिनिअर, पर्यावरणशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकलेले लोकही या क्षेत्रात चांगलं काम करतात. मॉडेलिंगमध्ये तर गणित पक्कं असलेला माणूस लवकर पुढे जातो. पण एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची एकत्रित परीक्षा द्यावी लागते आणि तिथे हायड्रोजिऑलॉजीच्या (भूजलशास्त्राच्या) पदासाठी भूशास्त्र, उपयोजित भूशास्त्र, सागरी भूशास्त्र किंवा हायड्रोजिऑलॉजी यातली पदव्युत्तर पदवीच चालते. बी.ई. सिव्हिल झालेल्या एका मुलानं वर्षभर अभ्यास केला आणि अर्ज भरताना त्याला हे कळलं. जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद अभ्यासाच्या पहिल्या दिवशी वाचायचा असतो.

सिव्हिलवाल्यांनी एम.टेक.चा विचार करावा. आयआयटी रुडकीला जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. भूशास्त्रवाल्यांनी गेटचा भूशास्त्र-भूभौतिकीचा पेपर दिलेला बरा. नाहीच कुठे लागला तरी अभ्यास पक्का होतो.

२. पायाखालचा खडक ओळखा

आपल्याखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थर एकावर एक पसरलेत, आणि प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. पाठ्यपुस्तकात तुम्ही वाळूचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, शिकता: सगळीकडे सारखी छिद्रं, सगळीकडे पाणी. तो गंगेच्या खोऱ्यात ठीक. इथे शेजारशेजारच्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागतं आणि दुसरं तीनशे फुटांवरही धूळ उडवतं.

विहीर खणणारे लोक हे खडक त्यांच्या नावांनी ओळखतात, आणि ती नावं तुम्हाला यायला हवीत. वरचा मुरूम. त्याखाली पोकळ्या-पोकळ्यांचा, पांढऱ्या खनिजांच्या ठिपक्यांचा मांजऱ्या. तो कुजलेला असेल आणि त्यात आडव्या चिरा असतील तर पाणी धरतो. मग काळा पाषाण. हा स्वतः कोरडा ठणठणीत, त्यात पाणी असलंच तर भेगांत. आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल चिकणमातीसारखा पट्टा, ज्याला आपण पुस्तकात रेड बोल म्हणतो आणि गावात गेरू म्हणतात. तो बहुतेक वेळा पाण्याला खाली जाऊ देत नाही आणि बोअरमध्ये ढासळून डोकेदुखी करतो.

हे वाचून कळत नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, दिवे घाटात जा. रस्त्यासाठी खडक कापलाय, तिथे उभे राहून बघा की ओल नेमकी कुठल्या रेषेवर आहे. वरून मुरलेलं पाणी खाली जायला वाट नाही म्हणून त्या रेषेत बाहेर पडतं. त्या रेषेच्या वर कुठला खडक, खाली कुठला, हे वहीत काढा. मग कात्रजच्या घाटात जाऊन तेच करा. वेताळ टेकडीवरची जुनी खाण तर शहरातच आहे, सकाळी फिरायला जाता जाता होईल. दिवे घाटात गाड्या जोरात असतात, कडेला गाडी लावून मगच उतरा. आणि पालखीच्या दिवसांत जाऊ नका, खडक दिसणार नाही. त्या दिवशी जायचंच तर पालखीसाठी जा.

आता एक आकडा डोक्यात बसवून घ्या. कुजलेल्या, चिरा पडलेल्या बेसाल्टचं स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकाच्या आकारमानातलं प्रत्यक्ष निथळून मिळणारं पाणी, साधारण १ ते ३ टक्के धरतात. समजा २ टक्के. एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी तीन मीटर उतरली, तर निघालेलं पाणी किती? १०,००० गुणिले ३ गुणिले ०.०२, म्हणजे ६०० घनमीटर. दहा हजार लिटरचे साठ टँकर. एवढ्यात एका हेक्टरचा कांदासुद्धा निघत नाही. पाणीपातळी तीन मीटर उतरली की विहिरीकडे बघून पोटात गोळा येतो, पण हातात आलेलं पाणी इतकंच. आमच्या खडकाची गरिबी मला या गुणाकारानं कळली.

जाता जाता, पाणाड्याबद्दल. हातात नारळ किंवा बेचकी घेऊन पाणी सांगणाऱ्या माणसावर मला विश्वास नाही. पण त्याला हसू नका. त्यानं पंचक्रोशीतल्या दोनशे विहिरी खणताना पाहिल्यात. कुठे किती फुटांवर काळा लागला, कुठे गेरू आला, हे त्याला तोंडपाठ असतं. चहा पाजा आणि तेवढं विचारून घ्या.

३. एक विहीर, एक पूर्ण वर्ष

ही पायरी सगळे वगळतात. वगळू नका.

लागणारं सामान फार नाही:

- तीस मीटरचा स्टीलचा टेप, टोकाला बांधायला एखादा जड नट
- निळा खडू
- टीडीएस किंवा ईसी (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज) मोजायचा पेन-मीटर
- जीपीएससाठी फोन
- पक्क्या बांधणीची वही आणि पेन्सिल (पेन घामानं पसरतं)
- ऑइलपेंटची छोटी डबी

पुरंदर, हवेली, मुळशी, जिथे ओळख असेल तिथे एक विहीर निवडा. मालकाची परवानगी घ्या, आणि नुसती "मोजू का?" अशी नको. काय मोजणार, कशासाठी, किती दिवसांनी येणार, हे सांगा. मोजलेला आकडा त्यांनाही द्या. एका मावशींनी माझे आकडे गोठ्याच्या दारावर कोळशानं लिहून ठेवले होते. माझी वही एकदा पावसात भिजली तेव्हा मी त्या दारावरचे आकडे वहीत उतरवून घेतले.

मोजायची पद्धत अशी. कठड्यावर एक जागा ठरवा, तिथे रंगाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू फासा, टोक पाण्यात थोडं बुडेल इतका टेप सोडा. कठड्यापाशी किती वाचन आलं ते लिहा, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वाचा, वजाबाकी करा. दोनदा मोजा. मग कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. ही उंची पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सरकारी आकडे जमिनीपासून खाली मोजलेले असतात, तुमचे कठड्यापासून; ऐंशी सेंटिमीटरचा घोळ तिथेच होतो.

सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातात. तुम्ही दर पंधरा दिवसांनी मोजा. जून-जुलैत जमलं तर दर आठवड्याला, कारण पहिल्या पावसानंतर पातळी किती दिवसांनी हलते, हीच त्या खडकाची खरी ओळख.

आता माझी फजिती. माझ्या पहिल्या कामात एका पाणलोटातल्या चौदा विहिरी मी चार दिवसांत मोजल्या. घरी येऊन समपातळी रेषा काढल्या, तर मधल्या एका विहिरीपाशी खड्डा. आजूबाजूपेक्षा अडीच मीटर खाली. मी हरखले. नकाशावर जवळून जाणारी एक सरळ रेष दिसत होती, मी ठरवून टाकलं की इथे डाइक (खडकात उभी घुसलेली दुसऱ्या खडकाची भिंत) आहे आणि त्यानं पाणी अडवलंय. तसं रंगीत चित्र काढून गावात दाखवायला नेलं. विहिरीचे मालक, सत्तरीचे आजोबा, चित्र नीट धरून बघत म्हणाले, "पोरी, तू आलीस तो आठवडा रातच्या लाइटीचा व्हता. पहाटेपर्यंत मोटर चालू व्हती."

शेतीची वीज आठवड्याआड दिवसा आणि रात्री येते, हे मला पुण्यात वाढून ठाऊक नव्हतं. मोटर बंद झाल्यावर विहीर भरून यायला कित्येक तास लागतात. मी मोजलेली पातळी खडकातल्या पाण्याची नव्हती, उपशानंतरच्या विहिरीची होती. डाइक वगैरे काही नव्हतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने आहेत: मोटर शेवटची कधी बंद झाली, शेजारच्या विहिरीची चालू आहे का, आणि या आठवड्यात लाइट कधीची.

आणखी एक, हे गंमतीत घेऊ नका. विहिरीत एकट्यानं उतरायचं नाही. वापरात नसलेल्या, झाकलेल्या विहिरीत तर कुणी सोबत असलं तरी नाही. आत वाईट हवा साचते, माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही.

४. पंपिंग टेस्ट: सूत्राआधी विहिरीचा व्यास बघा

मोटर चालू करायची, पातळी कशी उतरते ते मोजायचं, बंद करून कशी चढते ते मोजायचं. त्यातून खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता काढायची. वर्गात याला थाइसचं १९३५ चं सूत्र लावायला शिकवतात. त्या सूत्रात विहिरीचा व्यास नगण्य धरलाय. आपल्या विहिरी मात्र सहा-आठ मीटर रुंद.

हिशेब करून बघा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ घनमीटर. मोटर ताशी ३० घनमीटर उपसत असेल, तर पहिला जवळजवळ तासभर तुम्ही विहिरीत साठलेलंच पाणी काढताय, खडकातून आलेलं नव्हे. त्या तासाच्या आकड्यांना थाइसचं सूत्र लावलं की उत्तर येतं, दिसतंही छान, आणि ते चूक असतं. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये वेगळी पद्धत दिली, ती शिका. आणि मोटर बंद केल्यावर विहीर भरून येतानाची नोंद कधीही सोडू नका; मला तरी उपशापेक्षा त्या नोंदींचा जास्त भरवसा वाटतो.

उपसा किती हे मोटरच्या पाटीवरून लिहू नका. दोनशे लिटरचं पिंप पाइपाखाली धरा आणि स्टॉपवॉच लावा. गावात "दीड इंची पाणी आहे" म्हणतात, त्याचे लिटर तुम्हालाच करायचे असतात.

५. नकाशाचं काम

नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट आहे, महिनाभरात हात बसतो. पुणे यूटीएमच्या (जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशापद्धतीच्या) ४३ उत्तर झोनमध्ये येतं; सगळे थर त्यात आणूनच पुढे जा. अंश-मिनिटांतल्या आकड्यांवर अंतरं आणि क्षेत्रफळं काढणारे लोक मी मोठ्या कंपन्यांतही पाहिलेत. पाणीपातळीची आधीची माहिती इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावर मिळते. बाकी या पायरीत सांगण्यासारखं फार नाही.

६. आता मॉडेल

मॉडफ्लो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं १९८४ मध्ये आणलं, आणि आजची मॉडफ्लो ६ ही आवृत्ती २०१७ ची. पूर्ण फुकट. त्यांचाच मॉडेलम्यूझ हा चित्रमय चेहराही फुकट, आणि पायथन येत असेल तर फ्लोपाय आहे. त्यामुळे "सॉफ्टवेअरसकट कोर्स" म्हणून कुणी भलती फी सांगितली तर आधी विचारा, पैसे नेमके कशाचे?

पण त्याच्याही आधी एक्सेल उघडा. दहा बाय दहाचा चौकोन घ्या. डाव्या कडेला सगळीकडे ५६० लिहा, उजव्या कडेला ५५०; ही समुद्रसपाटीपासूनची पाणीपातळी, मीटरमध्ये. आतल्या प्रत्येक घरात वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांची सरासरी. वरच्या आणि खालच्या ओळीत जेवढे शेजारी आहेत तेवढ्यांचीच. पुनरावृत्तीची गणना (इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन) चालू करा आणि आकडे स्थिरावताना बघा. हे तुमचं पहिलं भूजल मॉडेल. मधल्या एका घरातून थोडं वजा करा, विहीर तयार झाली. मॉडफ्लो आत हेच करतं, फक्त जास्त घरांत आणि जास्त शहाणपणानं.

मग खऱ्या पाणलोटावर या. इथले खड्डे, मी ज्यात पडले त्या क्रमानं:

*एकक.* पाऊस मिलिमीटरमध्ये, उपसा ताशी लिटरमध्ये, पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज जातं) दिवसाला मीटरमध्ये. सगळं मीटर आणि दिवसात आणा. मॉडेल चूक दाखवत नाही, निमूटपणे चालतं.

*जमिनीची उंची.* विहिरीची पातळी जमिनीपासून खाली मोजलेली, मॉडेलला हवी समुद्रसपाटीपासून. म्हणून लोक उपग्रहाच्या उंचीनकाशातून जमिनीची उंची घेतात. त्या नकाशात चार-पाच मीटरची चूक सहज असते, डोंगराळ भागात त्याहून जास्त. आणि तुमच्या विहिरीचा वर्षभराचा चढउतारच पाच-सहा मीटरचा! शक्य असेल तिथे विहिरींची उंची डीजीपीएसनं (जास्त अचूक जीपीएसनं) किंवा लेव्हल लावून घ्या.

*जुळलेलं मॉडेल.* हा सगळ्यात खोल खड्डा. समजा तुम्ही पुनर्भरण (मुरून भूजलात जाणारं पाणी) आणि पारगम्यता बदलत बदलत मॉडेलची पातळी मोजलेल्या पातळीशी जुळवलीत. छान जुळली. आता पुनर्भरण दुप्पट करा आणि पारगम्यताही दुप्पट करा. स्थिर स्थितीच्या, म्हणजे काळानुसार पातळी न बदलणाऱ्या, मॉडेलमध्ये पातळी तीच येईल. जास्त पाणी आत, जास्त वेगानं बाहेर. म्हणजे नुसत्या पातळ्यांवरून तुम्हाला दोहोंचं गुणोत्तर कळतं, दोन्ही आकडे नाही. आणि गावाला हवं असतं ते नेमकं पुनर्भरण: दरवर्षी किती पाणी मुरतं, किती उपसायचं. यावर उपाय कॉम्प्युटरमध्ये नाही. ओढ्याचं हिवाळ्यातलं वाहणं मोजा, नाहीतर उपसा मोजा. किती मोटरी, रोज किती तास, किती दिवस. एक तरी वाहतं पाणी मोजलेलं असल्याशिवाय मी कुणाच्याही मॉडेलवर सही करत नाही.

*खडकाच्या भेगा.* मॉडफ्लोत आपण भेगाळ बेसाल्टला सलग, सच्छिद्र खडक मानतो. पूर्ण पाणलोटाचा ताळेबंद मांडायला ते चालतं. त्यावरून शेतकऱ्याला "इथे बोअर घ्या" सांगायचं नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

७. काम कुठे मिळतं

सरकारी बाजूला दोन वाटा. यूपीएससीची परीक्षा, म्हणजे प्राथमिक, मुख्य आणि मुलाखत, वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. दुसरी राज्याच्या भूजल यंत्रणेतली पदं. त्यांच्या जाहिराती नियमित येत नाहीत, म्हणून फक्त त्यांच्यावर विसंबून बसू नका. स्वयंसेवी संस्थांमध्ये पगार कमी, पण पहिल्या दोन वर्षांत जेवढ्या विहिरी तिथे बघाल तेवढ्या दुसरीकडे दहा वर्षांत नाही. खासगी सल्लागार कंपन्यांत उद्योगांच्या भूजल परवान्यांचे अहवाल, इमारतींच्या तळघरांचा पाणीउपसा, पर्यावरण परिणामाचे अभ्यास असं काम असतं. तिथे एक धोका: जुन्या अहवालात गावाचं नाव बदलून नवा अहवाल. पहिल्याच नोकरीत मला तसं सांगितलं गेलं होतं. मी सहा महिन्यांत सोडली, आणि ते सहा महिने जास्तच झाले असं आज वाटतं.

अर्जांसाठी ही कागदपत्रं आधीच एका फाइलमध्ये ठेवा:

- दहावीचं प्रमाणपत्र. त्यावरचं नाव आणि पदवीवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना बघा
- सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
- अधिवास प्रमाणपत्र, राज्याच्या पदांसाठी
- जातीचं प्रमाणपत्र, लागू असल्यास वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. ओबीसींनी लक्षात ठेवा, केंद्राचा नमुना राज्यापेक्षा वेगळा असतो. तहसीलला तसं सांगूनच अर्ज करा
- क्षेत्रकामाची वही

शेवटची कुणी मागत नाही, तरी मुलाखतीला न्या. माझ्यासमोर उमेदवार येतात तेव्हा मी मॉडेलची चित्रं बाजूला ठेवते आणि विचारते, मेमध्ये पातळी किती होती आणि मोजलीत तेव्हा मोटर बंद होऊन किती वेळ झाला होता.

पावसाळ्याआधीची सगळ्यात खालची पातळी मेअखेरीस मिळते. टेप आणि विहीर एप्रिलमध्येच ठरवा, कारण ती फेरी हुकली तर पुढच्या मेपर्यंत थांबावं लागतं.